हुबेहूब दिसणे आणि खरे वागणे

जमीन न सोडता उड्डाणाचा अनुभव देणाऱ्या यंत्राला किंवा संगणकप्रणालीला सिम्युलेटर म्हणतात, आणि त्याच्या संदर्भात ‘वास्तवता’ हा शब्द दोन निरनिराळ्या अर्थांनी वापरला जातो. पहिली वास्तवता रूपाची: कॉकपिटमधील प्रत्येक बटण जागच्या जागी असणे, काचेवरून पावसाचे थेंब ओघळणे, धावपट्टीवरील दिवे हुबेहूब दिसणे. दुसरी वर्तनाची: वैमानिकाने एखादी कृती केली असता मूळ विमान जसे वागले असते तसेच हे कृत्रिम विमान वागणे. सिम्युलेटरमध्ये नवे विमान किंवा नवी सोय हवी, अशी मागणी करणाऱ्याला पहिल्या प्रकारची उणीव चटकन सुचते, कारण डोळ्यांना खटकते त्याची तक्रार सहज करता येते. वर्तनातील उणीव ओळखायला मात्र मूळ विमान ठाऊक असावे लागते.

या दोन वास्तवता एकमेकींवाचून राहू शकतात, हे सिम्युलेटरच्या आरंभीच्या इतिहासातच दिसते. एडविन लिंक यांनी 1929 मध्ये अमेरिकेतील बिंगहॅम्टन येथे तयार केलेला ‘लिंक ट्रेनर’ म्हणजे आखूड पंखांची एक लाकडी पेटी होती. लिंक यांच्या वडिलांचा ऑर्गन आणि आपोआप वाजणारे पियानो बनवण्याचा कारखाना असल्यामुळे, पायपेटीत हवा भरणाऱ्या भात्यांसारखेच भाते या पेटीखाली बसवून तिला डोलवले जाई. झाकण लावल्यावर आतून बाहेरचे काहीच दिसत नसे, आणि सुरुवातीला ती करमणुकीच्या बागांतही विकली गेली. परंतु 1934 मध्ये टपालवाहतुकीचे काम अंगावर पडलेल्या अमेरिकी लष्कराचे वैमानिक खराब हवामानात मरू लागले, तेव्हा लष्कराने अशा सहा पेट्या विकत घेतल्या. ढगात केवळ उपकरणांवर विश्वास ठेवून विमान कसे सांभाळावे, एवढी एकच गोष्ट ती पेटी शिकवत होती, आणि तेवढ्यापुरते तिचे वागणे पुरेसे खरे होते.

आधुनिक सिम्युलेटरमध्ये वर्तनाचा भार उड्डाणाच्या गणिती प्रतिमानावर असतो आणि ते बांधण्याच्या दोन प्रमुख रीती आहेत. पहिल्या रीतीत वातबोगद्यातील चाचण्या आणि प्रत्यक्ष उड्डाणे यांतून मिळालेले आकडे कोष्टकांत मांडलेले असतात. वेग, कोन आणि झडपांची स्थिती पाहून संगणक त्यांतून त्या क्षणीची बले काढतो. ‘फ्लाइटगिअर’ या मुक्त प्रणालीत वापरले जाणारे ‘जेएसबीसिम’ याच पद्धतीचे आहे. दुसऱ्या रीतीत, जी ‘एक्स-प्लेन’ने लोकप्रिय केली, पंख आणि पंख्याची पाती यांचे लहान लहान तुकडे कल्पून प्रत्येकावरील हवेचे बल सेकंदाला अनेकदा मोजले जाते. पहिली रीत तिच्या आकड्यांइतकीच प्रामाणिक असते. दुसरी केवळ आकारावरून नव्या विमानाचे वर्तन सांगू शकते, पण ते सांगणे शेवटी अंदाज असते. म्हणूनच ‘अमुक विमान समाविष्ट करा’ ही मागणी पुरवताना त्याचे बाह्य चित्र तयार करणे हा सोपा भाग, आणि त्याच्या वर्तनाचे विश्वसनीय आकडे मिळवणे हा अवघड भाग ठरतो.

हे आकडे जिथे संपतात, नेमका तिथेच धोका सुरू होतो. पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातील कोन एका मर्यादेपलीकडे गेला, की पंखाच्या पाठीवरून वाहणारा प्रवाह सुटतो आणि विमानाला उचलून धरणारे बल घसरते. या अवस्थेला ‘स्टॉल’ म्हणतात. प्रवासी विमानांच्या सिम्युलेटरमधील सराव दीर्घकाळ स्टॉलच्या पूर्वसूचनेपर्यंतच होत असे, कारण त्यापुढील वर्तनाची खात्रीची माहिती त्यांत नसे. 12 फेब्रुवारी 2009 रोजी अमेरिकेत बफेलोजवळ कोल्गन एअरचे विमान कोसळून 50 जण मृत्युमुखी पडले. स्टॉलची सूचना मिळाल्यावर कप्तानाने दांडा पुढे ढकलण्याऐवजी मागे ओढला होता. त्यानंतर अमेरिकेत 2013 मध्ये पूर्ण स्टॉलचे प्रशिक्षण बंधनकारक करणारा नियम आला आणि 2016 मध्ये त्यासाठी सिम्युलेटरचे निकषही वाढवण्यात आले. या सुधारणेने पडद्यावर नवे काही दिसले नाही, तरी वैमानिकाच्या दृष्टीने याहून मोलाची भर क्वचितच असेल.

याचा अर्थ सिम्युलेटरने कधीच फसवू नये असा नाही. सहा पायांवर हलणारा मोठा सिम्युलेटर धावपट्टीवर धावू शकत नाही, म्हणून वेग वाढताना तो सबंध कॉकपिट हळूच मागे कलवतो आणि समोरचे दृश्य मात्र सपाट ठेवतो. कानातील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला कलणे आणि पुढे रेटले जाणे यांतील फरक एकट्याने कळत नसल्यामुळे पाठ आसनाला टेकली जाते ती वेगामुळेच, असे वाटते. ही फसवणूक ग्राह्य आहे, कारण तिच्यातून वैमानिक जे शिकतो ते खऱ्या विमानातही खरे ठरते.

अग्राह्य फसवणुकीचे उदाहरण 12 नोव्हेंबर 2001 च्या न्यूयॉर्कमधील अपघातात सापडते. पुढे गेलेल्या विमानाने मागे सोडलेल्या भोवऱ्यांत अमेरिकन एअरलाइन्सचे उड्डाण 587 हेलकावले, तेव्हा सहवैमानिकाने रडर, म्हणजे शेपटीच्या उभ्या पंखावरील सुकाणू, आलटूनपालटून इतक्या जोराने फिरवले की तो उभा पंखच तुटला आणि जमिनीवरील पाच जणांसह 265 जण दगावले. अमेरिकेच्या तपासमंडळाने रडरच्या या अनावश्यक वापराला अपघाताचे कारण ठरवले आणि त्याला हातभार लावणाऱ्या गोष्टींत रडरयंत्रणेच्या रचनेबरोबर त्या कंपनीच्या प्रशिक्षणातील काही भागांचाही उल्लेख केला. सिम्युलेटरमधील एका सरावात विमान पुरेसे कलंडावे म्हणून नियंत्रणांचा परिणाम क्षणभर दाबून ठेवला जाई, आणि त्यामुळे भोवऱ्यांच्या परिणामाविषयी अतिरंजित समजूत होण्याचा संभव होता. कॉकपिट हुबेहूब असल्यामुळे असा खोटा धडा अधिकच विश्वसनीय वाटतो. जिथे रूप खरे, तिथे वर्तनावर संशय घेण्याचे कारण उरत नाही.

तेव्हा कोणत्याही नव्या मागणीची कसोटी अशी असावी की, ती पुरवल्यावर वैमानिकाच्या निर्णयात काय फरक पडेल. सेस्ना 172 एस या लहान विमानाचे उदाहरण घ्यावे. इंजिनातील ठिणगीसाठी स्वतः वीज निर्माण करणारे ‘मॅग्नेटो’ नावाचे दोन संच त्यात असतात, आणि उड्डाणापूर्वी मिनिटाला 1800 फेऱ्यांवर एकेक संच बंद करून फेऱ्यांतील घट पाहिली जाते. ती 150 पेक्षा अधिक असू नये आणि दोन संचांतील फरक 50 पेक्षा अधिक असू नये. ज्या सिम्युलेटरमध्ये किल्ली नुसती फिरते, तिथे केवळ रूप आहे. जिथे काटाही खाली येतो, तिथे वर्तन आले आहे. पण काटा दर वेळी तितकाच खाली येत असेल, तर ती तपासणी हळूहळू उपचार होऊन बसते आणि हात किल्ली फिरवत असताना डोळे काट्याकडे पाहीनासे होतात. कधीतरी, पूर्वसूचना न देता, घट मर्यादेपलीकडे जाणे आणि वैमानिकाला उड्डाण रद्द करून विमान परत न्यावे लागणे, ही वास्तवता कोणत्याही चित्रात टिपता येत नाही, आणि मागणी करायची तर तिचीच करायला हवी.