अर्थिंग

गेल्या वर्षी १४ एप्रिलला मला मांडवात करंट बसला. तिसरं कडवं चाललं होतं. डाव्या हाताखाली गिटारच्या तारा, तोंडापुढं माइक. ओठ माइकच्या जाळीला टेकला आणि कुणीतरी जबड्यावर सळी हाणावी तसं झालं. मी मागं कोसळलो. पुढं बसलेल्या पोरांना वाटलं, नाचतोय. टाळ्या पडल्या. वायर कुणी खेचली ते अजून ठाऊक नाही. ज्यानं खेचली त्याच्यामुळं हे लिहितोय.

डोळे उघडले तर आजी उशाशी बसलेली. तिनं रडारड केली नाही. एवढंच म्हणाली, "बोलले व्हते ना बाला तुला, वाजप नको आपल्या घरात."

ही गोष्ट बोर्ली पंचतनच्या आमच्या बौद्धवाडीतली. मी भिवंडीला साच्यावर असतो. बारा तासांची पाळी, धोट्याचा खडखडाट, कानात सतत गिरणी. जयंतीला रजा मिळाली तर एसटीनं माणगाव, म्हसळा करत बोर्लीला येतो. गेल्या वर्षी गिटार घेऊन आलो होतो. बावीसशेला घेतलेली, जुनी, कंपनीचं नाव घासून गेलेलं. वाडीत विजेची गिटार पहिल्यांदाच आली होती.

आजीच्या 'नको'मागं मोठं कारण आहे. तिचं माहेर म्हसळ्याकडचं. तिचा बा ढोल वाजवायचा. गावकीचं काम. लग्न असो, सण असो, वरच्या आळीत बोलावणं आलं की जायचं, अंगणाच्या बाहेर उभं राहायचं, उन्हात वाजवायचं. आजी तेव्हा आठ-दहा वर्षांची. बापामागं फडकं घेऊन चालायची. वाजवून झालं की त्या फडक्यात वरून भाकरी टाकायचे. वरून. हात लागू नये म्हणून. भाकरी मातीत पडली तर फुंकून घ्यायची. १९५६ साली बाबासाहेबांनी नागपूरला धम्म घेतला, ती हवा कोकणात आली आणि तिच्या बानं ढोल सोडला. वरच्या आळीनं त्यांना वर्षभर मजुरीला बोलावलं नाही. तरी परत हात लावला नाही. आजीच्या लेखी वाजवणं म्हणजे ते फडकं. हे मला करंट बसल्यावर कळलं. तोपर्यंत मी विचारलंच नव्हतं.

आता करंट का बसला ते सांगतो. दोस्तांनो, हे नीट वाचा. आपल्या कितीतरी वाड्यांत, चाळीत, मंडळात हीच स्थिती आहे.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकलं. पोफळी झोपल्या, माड मोडले, कौलं उडाली, विजेचे खांब आडवे झाले. कित्येक दिवस अंधार. मग घराघरांत जी वायरिंग झाली ती जमेल तशी. दोन वायरी ओढल्या, दिवा लागला, पुरे. तिसरी वायर, अर्थिंगची, खर्च वाचवायला गाळली. मांडवातलं कनेक्शन अशाच एका घरातून घेतलेलं. माझ्या ॲम्प्लिफायरला तीन पिनांचा प्लग आणि बोर्डाला दोन भोकं. मग मी काय केलं? पकडीनं तिसरी पिन मोडली. मीच मोडली. दुसऱ्या कुणाला नाव ठेवायला जागा नाही.

पिन मोडली तशी गिटारची गुरगुर वाढली. कार्यक्रमभर स्पीकरमधून घूं घूं. मी समजलो गिटार भिकार आहे. ती गुरगुर मला काहीतरी सांगत होती आणि मी आवाज वाढवून ती झाकत होतो.

गिटारच्या तारा आतून एका वायरनं ॲम्प्लिफायरच्या पत्र्याला जोडलेल्या असतात. मुद्दामच. माणसाचं अंग हवेतली विजेची गुरगुर गोळा करतं. बोटं तारेला लागली की ती त्या वाटेनं निघून जाते. म्हणून वाजवणाऱ्यानं हात लावला की गुरगुर कमी होते, हात काढला की वाढते. मला हे फार आवडलं. ज्या स्पर्शानं पाणी बाटायचं तोच स्पर्श इथं आवाज स्वच्छ करतो. पण त्याच वाटेनं करंटसुद्धा येतो. माझ्या ॲम्प्लिफायरच्या आत वायरचं रबर घासून पत्र्याला फेज लागली होती. अर्थिंग असतं तर फ्यूज उडाला असता. अर्थिंग नव्हतं म्हणून पत्रा जिवंत, तारा जिवंत. माइक मात्र साउंडवाल्याच्या जनरेटरवर, तो जमिनीला जोडलेला. माझा हात इकडं, ओठ तिकडं. मधली वायर मी झालो. लेस्ली हार्वे नावाचा स्कॉटलंडचा गिटारवाला १९७२ साली स्वान्सी गावात मंचावर असाच गेला. मी वाचलो, एवढाच फरक.

भिवंडीला परत गेल्यावर गिटार एका दुकानात नेली. काउंटरवरच्या माणसानं ती हातातसुद्धा घेतली नाही. माझ्याकडं बघितलं, पिशवीवरचं अशोकचक्र बघितलं. म्हणाला, "हिच्यावर खर्च करून उपयोग नाही. तुमच्या जयंतीला हीच चालेल." *तुमच्या* जयंतीला. त्या एका शब्दावर मी ठरवलं की ही गिटार मी स्वतः दुरुस्त करणार.

आमच्या खात्यातले फिटरमामा म्हणाले, "मोटार उघडतोस ना? मग ही काय वेगळी आहे?" खरंच वेगळी नव्हती. तारांखाली जो पिकअप असतो तो म्हणजे चुंबक आणि त्याच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार हलली की वेढ्यांत वीज उठते. हा नियम फॅरेडेनं १८३१ साली दाखवला. फॅरेडे लोहाराचा पोरगा. बुकबाइंडरकडं उमेदवारीला होता, बांधायला आलेली पुस्तकं वाचून शिकला. मी हे वाचलं तेव्हा रात्रपाळीतून सुटलो होतो आणि एकटाच हसत होतो.

पहिलं काम आतून पत्रा मढवण्याचं. स्वस्त गिटारच्या लाकडी पोकळीत वायरी उघड्या पडलेल्या असतात. ट्यूबलाइट, मोटार, डिमर, सगळ्यांची किरकिर त्या ओढून घेतात. पोकळीला आतून ॲल्युमिनियमची फॉइल चिकटवली. इथं एक चूक केली. ॲल्युमिनियमला साधं सोल्डर धरत नाही, हे ठाऊक नव्हतं. दोन रात्री गेल्या. शेवटी मामांनी स्क्रू आणि वायसर लावून वायर दाबून बसवायला सांगितली. तुमच्याकडं पैसे असतील तर तांब्याची चिकटपट्टी घ्या, ती सोल्डर धरते.

दुसरं, आवाजाची बटणं बदलली. जुनी फिरवली की खरखर करायची. अडीचशे किलोओमची नवी घातली.

तिसरं काम सगळ्यांत महत्त्वाचं. गिटारला तीन पिकअप होते, तिन्ही एकाच दिशेनं गुंडाळलेले. मधल्याचं चुंबक खाली चिकटवलेलं होतं. ते हळूच सुटं करून उलटं चिकटवलं आणि त्याच्या दोन वायरींची अदलाबदल केली. म्हणजे तो शेजाऱ्याच्या उलट झाला. आता दोन्ही एकदम चालू केले की बाहेरची गुरगुर एकात सुलट येते, दुसऱ्यात उलट, आणि एकमेकींना मारते. तारेचा सूर मात्र दोन्हींत सुलट येतो, त्यांची बेरीज होते. खर्च शून्य. फक्त एकच बदल केलात, नुसत्या वायरी फिरवल्या किंवा नुसतं चुंबक उलटलं, तर सूरच पातळ होतो. दोन्ही करावं लागतं.

चौथं, फ्रेटची टोकं. समुद्राच्या हवेत लाकूड फुगतं, भिवंडीच्या उन्हाळ्यात आकसतं, मग पट्ट्यांची टोकं बाहेर येऊन हात कापतात. बारीक कानस, मग पॉलिश पेपर. एक रविवार गेला.

पाचव्या कामाला घरात भांडण झालं. गिटारच्या मानेच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीला नट म्हणतात. स्वस्त गिटारला तो पोकळ प्लास्टिकचा. जाणकार सांगतात, हाडाचा बसवा. मी दीडशे रुपयांचं म्हशीच्या हाडाचं तुकडं मागवलं आणि गणपतीच्या सुट्टीत घरी घेऊन आलो. ओट्यावर कानस घेऊन बसलो. आजीनं विचारलं, "ह्ये काय?"

"हाड. म्हशीचं."

ती उभीच राहिली. मग म्हणाली, "माझ्या बानं ढोर ओढायचं सोडलं, ढोल सोडला. तू दोनी परत आनलंस."

मी बोलायला गेलो. म्हणालो, आजी, हाडाचा काय गुन्हा? गुन्हा त्या सक्तीचा. त्यांच्या दारात त्यांच्यासाठी वाजवणं वेगळं आणि आपल्या मांडवात बाबासाहेबांसाठी वाजवणं वेगळं. ती ऐकून घेऊन आत गेली. रात्री मला झोप नाही. महाड आमच्याच जिल्ह्यातलं, तेव्हाचा कुलाबा. १९२७ च्या मार्चमध्ये तिथल्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेल्या जनावराचं मांस सोडा. ते ज्यांनी सोडलं त्यांनी पोट मारून सोडलं. माझा मुद्दा बरोबर होता, अजूनही बरोबर वाटतो. पण तो मुद्दा मांडण्याची ऐपत मला कुणामुळं आली? ज्या बाईनं मातीतली भाकरी फुंकून खाल्ली तिला मी चांगल्या आवाजाचं कारण सांगत होतो.

हाड डब्यात ठेवलं. भिवंडीला गेल्यावर फिटरमामांनी पितळेची पट्टी दिली, ती कापून घासून नट केला. पितळ जरा जास्त खणखणीत बोलतं. आणि नटाचा फरक फक्त मोकळी तार वाजते तेव्हा. बोट दाबलं की नटाचा संबंध संपतो. त्यासाठी मी आजीशी भांडलो होतो.

मंडळातल्या एका जोडीदारानं वेगळाच आक्षेप घेतला. म्हणाला, गिटार आपलं वाद्य नाही, साहेबांचं आहे. त्याला विचारलं, आपलं कुठलं? पेटी युरोपातून आली. जयंतीच्या मिरवणुकीत आपण ज्याला बेंजो म्हणतो तो जपानचा. नागोया शहरात गोरो मोरिता यानं १९१२ साली टाइपरायटरची बटणं बघून तारांवर बटणं बसवली, ताइशोगोतो नाव दिलं. आपल्या लोकांनी त्याला पिकअप लावून रस्त्यावर आणलं. स्वतः बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकले. आणि विजेची गिटार साहेबांची कशी? मडी वॉटर्स मिसिसिपीतल्या कापसाच्या मळ्यावर राबणारा काळा माणूस. १९४३ साली शिकागोला गेला, कागदाच्या कारखान्यात काम केलं, रात्री गुत्त्यांत गायला लागला. गर्दीत साधी गिटार ऐकू जाईना म्हणून विजेची घेतली. तो कापसाच्या मळ्यातून आला, मी त्याच कापसाच्या सुताचं कापड विणतो. ब्लॅक पँथरवरून आपण दलित पँथर घेतलं, तेव्हा कुणी विचारलं नाही की हे आपलं आहे का.

तरी मला खरं काम वेगळंच वाटत होतं. गिटार कितीही सुधारली तरी मांडवात अर्थिंग नसेल तर मी पुन्हा वायरच होणार. म्हणून या वर्षी होळीला आलो तेव्हा पोरांना घेऊन समाजमंदिरामागं खड्डा खणला. आमच्याकडं जांभा. पहारीला ठिणग्या उडायच्या. तीन दिवस लागले. भोकं पाडलेला लोखंडी पाइप उभा केला, भोवती कोळशाचा थर, मिठाचा थर, परत कोळसा. तिथून जाड वायर बोर्डापर्यंत. वाडीतल्या वायरमन काकांनी फेज आणि अर्थिंगमध्ये शंभरचा बल्ब लावून बघितला. मिणमिणला. काका म्हणाले, "जमीन कोरडी हाय. पानी घाला." बादल्या ओतल्या, बल्ब भरभरून पेटला. हे काम जाणकारासमोरच करा, एकट्यानं नाही. ॲम्प्लिफायरची वायर बदलली, तीन पिनांचा प्लग लावला, बोर्डात गळती पकडणारा ब्रेकर घातला. वर्गणी कमी पडली म्हणून या वर्षी कमान केली नाही. काही जण नाराज आहेत. असू देत.

अर्थिंगला पाणी रोज लागतं. उन्हाळ्यात तर लागतंच. मी भिवंडीला, पोरं विसरणार, हे मला माहीत होतं.

१४ एप्रिलला सकाळी वाडीत उतरलो. समाजमंदिरामागं गेलो तर खड्ड्याभोवतीची माती ओली. संध्याकाळी मांडवात तारा लावत होतो, तेव्हा आजी कळशी घेऊन मागं जाताना दिसली. मी धावत गेलो, कळशी घ्यायला लागलो. तिनं दिली नाही.

"होळीपास्नं मीच घालते," ती म्हणाली. "करंट नको लागाया." मग पाइपात हळूहळू पाणी ओतत, माझ्याकडं न बघता, "गानार असशील तर नीट गा. शब्द कलले पायजेत."

गिटार थोडी गुरगुरतेच अजून. एकच पिकअप लावला की ऐकू येतं. हात लावला की कमी होतं.