कंपायलर समजणे ही कुणाची मक्तेदारी?

'तुम्ही समाजशास्त्राचे, कंपायलर हा तुमचा विषय नाही,' असे आम्हाला ऐकवले गेले. म्हणजे संगणक वापरा, पण तो आतून कसा चालतो ते विचारू नका! आम्हाला हे मान्य नाही. म्हणून अभ्यासगटातल्या आम्ही चौघांनी बेसिक या जुन्या भाषेचा छोटा कंपायलर स्वतः लिहिला.

बेसिकच का? कारण तिचा जन्मच या प्रश्नातून झाला. अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ या गणिताच्या प्राध्यापकांनी ती विज्ञानशाखेबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही जमावी अशी रचली. १ मे १९६४ रोजी तिथे ती पहिल्यांदा चालली. ती यंत्रणा उभी करण्यात पदवीचे विद्यार्थी राबले होते.

कंपायलर म्हणजे आपली भाषा यंत्राच्या आज्ञांत उतरवणारा प्रोग्राम. आधी तो ओळीचे तुकडे पाडतो, मग त्यांचा परस्परसंबंध ठरवतो. 'लेट ए = २ + ३ * ४' मध्ये गुणाकार आधी, बेरीज नंतर. म्हणून आमचा कंपायलर २, ३, ४ एकावर एक ठेवायला सांगतो, मग 'गुणा', मग 'मिळवा'. उत्तर १४. 'गोटू ९०' म्हणजे ९० क्रमांकाच्या ओळीवर जा. पण ती ओळ अजून वाचलीच नसेल तर? जागा कोरी ठेवायची आणि ओळ सापडली की पत्ता भरायचा. यात कसली जादू? वही, पेन्सिल आणि चिकाटी पुरते.

मात्र बेसिकचा नुसता उदोउदो करून चालणार नाही. 'सर्व विद्यार्थ्यांसाठी' म्हणणाऱ्या डार्टमथमध्ये १९६४ साली पदवीला प्रवेश फक्त मुलग्यांना होता. मुलींना तो १९७२ मध्ये मिळाला, केमेनी कॉलेजचे अध्यक्ष असताना. भाषा सोपी केल्याने दार आपोआप उघडत नाही, ते वेगळे उघडावे लागते.

मित्रांनो, हा नुसता छंद नाही. वस्तीतल्या माणसांचे अर्ज घेऊन आम्ही खिडकीवर जातो तेव्हा उत्तर मिळते, 'सिस्टीमने नाकारले.' सिस्टीमला स्वतःची मर्जी नसते. कुणीतरी लिहिलेली एखादी 'इफ'ची ओळ अर्ज नाकारते. तशी ओळ आम्ही स्वतः यंत्राच्या आज्ञेत उतरवली आहे. म्हणून आता आम्ही तिथेच विचारतो: ती अट कोणती, कुणी घातली, कोणत्या नियमाने?

तुम्हीही लिहून पाहा. लेट, प्रिंट, इफ, गोटू आणि एंड, सुरुवातीला एवढ्या पाच आज्ञा पुरेत.