बराफू

साताऱ्याच्या एका शाळेत बाईंनी बत्तीस वर्षे भूगोल शिकवला. आफ्रिका खंडाच्या धड्यात किलिमांजारोच्या वाट्याला एक परिच्छेद येई. टांझानियातील ज्वालामुखी पर्वत, उंची 5895 मीटर, विषुववृत्तापासून अवघ्या तीन अंशांवर असूनही माथ्यावर बर्फ. एका वर्षी मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, तुम्ही पाहिलाय का तो बर्फ?" वर्ग हसला. बाईंनाही हसू आले. "पुस्तकात आहे," एवढे सांगून त्या पुढच्या वाळवंटाकडे वळल्या. शिक्षकाच्या पेशात अशी उत्तरे रोज द्यावी लागतात, आणि सगळी पृथ्वी पाहून मग ती शिकवायची म्हटले तर एकही शाळा भरणार नाही. तरीही तो प्रश्न निवृत्तीपर्यंत त्यांच्याबरोबर राहिला.

थोर भूगोलज्ञही या पेचातून सुटलेले नाहीत. 1848 साली योहानेस रेबमान या जर्मन मिशनऱ्याने हा शुभ्र माथा दुरून पाहिला आणि तसे लिहून कळवले, तेव्हा लंडनमध्ये बसलेल्या विल्यम डेसबरो कूली या विद्वानाने ती गोष्ट साफ नाकारली. कूलीने ग्रंथांच्या आधारे नाही म्हटले. बाईंनी ग्रंथाच्याच आधारे वर्षानुवर्षे हो म्हटले. त्या मातीला पाय दोघांचेही लागलेले नव्हते.

बाईंचे पाय लागले ते 2018 च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी. माचामे दरवाजापाशी त्यांचे सामान तोलले गेले. एका हमालाने 20 किलोंहून अधिक वाहू नये असा तेथे दंडक आहे, आणि बाईंच्या पिशवीत डिंकाच्या लाडवांचा डबा जरा जास्तच झाला होता. तो डबा उघडून तेथेच सर्वांना वाटला गेला. पाच प्रवासी, एक मुख्य वाटाड्या, त्याचे दोन साहाय्यक, एक स्वयंपाकी आणि सोळा हमाल. पाच माणसांना डोंगरावर चढवण्यासाठी वीस माणसे, हा हिशेब बाईंना पहिल्या दिवशी टोचला. दुसऱ्या दिवशी डोक्यावर तंबू तोलून धरणारी पोरे त्यांना मागे टाकून झपाझप वर गेली आणि मुक्कामी पोहोचेपर्यंत त्यांच्यासाठी पाणी उकळून तयार होते, तेव्हा तो अधिक टोचला. तिसऱ्या दिवशी दम इतका लागला की टोचणीला जागा उरली नाही. अशा बाबतीत माणसाची नीती फुप्फुसांवर बरीच अवलंबून असते.

वाटाड्यावाचून या पर्वतावर पाऊल टाकता येत नाही. 1991 पासून तसा नियमच आहे. बाईंचा वाटाड्या त्याच उतारावरच्या चागा समाजातला, पंचेचाळिशीच्या आसपासचा, मोजके बोलणारा गृहस्थ होता. तो त्यांना 'मामा' म्हणे. स्वाहिलीत मामा म्हणजे आई, आणि वडीलधाऱ्या बाईला हाक मारायची तेथील ती रीत. साताऱ्याच्या कानाला मात्र पहिले दोन दिवस आपल्याला मिशा फुटल्यासारखे वाटत राहिले. पुढे कळले की या भाषेत 'दादा' म्हणजे बहीण आणि 'काका' म्हणजे भाऊ. 'बाबा' तेवढे दोन्हीकडे जागच्या जागी होते. मग बाईंना शब्द गोळा करायचा छंदच लागला. खबर विचारायची ती 'हबारी', प्रवास म्हणजे 'सफारी', पैसा तो 'पेसा', आणि थांब म्हणायचे तर 'सुबिरी'. हा शेवटचा शब्द ऐकून त्या वाटेतच उभ्या राहिल्या. ज्या अरबी शब्दातून मराठीची 'सबुरी' आली, त्याच शब्दाचे हे दुसरे लेकरू. मोसमी वाऱ्यांवर शिडे सोडून व्यापारी या किनाऱ्यावरून त्या किनाऱ्यावर शतकानुशतके जात राहिले. मोसमी वारे बाईंनी दरवर्षी शिकवले होते, पण ते वारे शब्दही वाहून नेतात हे त्यांच्या धड्यात नव्हते.

त्या पर्वतावरचा पहिला मंत्र 'पोले पोले', म्हणजे हळूहळू. वाटाड्या पुढे चाले आणि त्याची चाल इतकी संथ असे की साताऱ्याच्या बाजारात कुणी तसे चालले तर लोक प्रकृतीची चौकशी करतील. पहिल्या दिवशीचे दमट अरण्य, मग माणसाच्या उंचीची हेदरची झुडपे, मग शिराचे उघडे पठार, असे हवामानाचे पट्टे एकापाठोपाठ एक मागे पडत गेले. जे विषुववृत्तापासून ध्रुवाकडे जाताना भेटायचे, ते येथे चार दिवसांच्या चढणीत भेटत होते. चौथ्या दिवशी 4600 मीटरवरच्या लाव्हा टॉवरपर्यंत नेऊन वाटाड्याने सर्वांना पुन्हा बारांकोच्या दरीत सहाएकशे मीटर खाली उतरवले. चढलेले गमवायचे, हे कुणालाच रुचले नाही. उंच चढावे आणि खाली निजावे, म्हणजे विरळ हवेची शरीराला ओळख होते, हे त्यामागचे शास्त्र. बारांकोत सेनेसियोची अवाढव्य झाडे आहेत. त्यांची वाळलेली पाने गळत नाहीत. खोडालाच लपेटून राहतात आणि रात्रीच्या गारठ्यात गोधडीचे काम करतात. बाई त्या झाडांपाशी बराच वेळ रेंगाळल्या.

शिखराखालचा शेवटचा तळ 4670 मीटरच्या आसपास आहे. त्याचे नाव बराफू. अर्थ कुणी सांगायची गरज नव्हती. फारसीतला तोच शब्द इकडे बर्फ झाला आणि तिकडे बराफू. पण बाईंनी सभोवार पाहिले तर काळा दगड, धूळ आणि वारा. बर्फाच्या नावाच्या गावी बर्फाचा कण नव्हता. "कुठे आहे?" त्यांनी विचारले. वाटाड्याने हनुवटीने वर दाखवले. त्याच्या वडिलांनीही येथे ओझी वाहिली होती. त्यांच्या आठवणीतला बर्फ पुष्कळ खालपर्यंत येई, असे तो म्हणाला. ती नुसती म्हाताऱ्याची आठवण नव्हे. 1912 ते 2011 या काळात या पर्वतावरच्या हिमाचे क्षेत्र सुमारे 85 टक्क्यांनी घटल्याचे मोजणीतून दिसले आहे. बाई ज्या वर्षी शिकवू लागल्या आणि ज्या वर्षी थांबल्या, त्या दरम्यान त्यांच्या धड्यातले वाक्य तेच राहिले होते आणि डोंगर बदलत गेला होता.

मध्यरात्री निघायचे असते. कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात पुढच्याचे बूट तेवढे दिसतात. सुटी खडी पावलाखालून सरकते आणि तीन पावलांतले एक वाया जाते. पाण्याच्या बाटलीच्या तोंडाशी पापुद्रा धरला होता. माथ्यावर हवेतला प्राणवायू समुद्रसपाटीच्या निम्माच हाती लागतो, हेही बाईंनी शिकवलेलेच; आता ते वाक्य एकेका श्वासाला उलगडत होते. सोबतचे चौघे साहाय्यकांबरोबर पुढे गेले. बाई आणि मुख्य वाटाड्या ज्वालामुखाच्या काठावर, स्टेला पॉइंटला पोहोचले तेव्हा मावेन्झीच्या सुळक्यांमागे नारिंगी रेघ उमटली होती. उंची 5756 मीटर. उहुरू शिखर तेथून 139 मीटर वर, काठाकाठाने तासाभराचे.

वाटाड्याने त्यांना जमिनीवरच्या एका रेषेवरून चालायला सांगितले, टाचेला बोट लावून. बाई चौथ्या पावलाला एका बाजूला झुकल्या. त्याने पुन्हा चालवले, पुन्हा तेच. मग त्याने सोपा प्रश्न विचारला, "मामा, उहुरूची उंची किती?" बत्तीस वर्षे फळ्यावर लिहिलेला आकडा बाईंनी शोधला. तो सापडला नाही. मेंदूला सूज चढू लागल्याची ही लक्षणे, आणि तत्काळ उतरणे हा त्यावरचा पहिला उपाय. "आपण खाली जातो आहोत," वाटाड्या म्हणाला. बाईंनी वाद घातला असे त्या सांगतात. काय बोलल्या ते त्यांना आठवत नाही. त्याला पुढे जायचा मोह नव्हता, कारण तो तेथे शेकडो वेळा जाऊन आला होता. परंतु अतिथी शिखरावर पोहोचला की बक्षिशी सढळ मिळते, हे त्यालाही ठाऊक असणारच. त्याने त्यांचा दंड धरला आणि पाठ शिखराकडे केली.

थोडे उतरल्यावर उजेड पसरला, आणि वाटेच्या बाजूला उतारावर काहीतरी निळसर पांढरे उभे दिसले. वरची कड भिंतीसारखी, खालची बाजू झिजलेली, खाली काळी राख. बाई थांबल्या. "रेबमान हिमनदी," वाटाड्याने सांगितले, आणि त्यांना थोडा वेळ उभे राहू दिले. थोडाच. "सुबिरी," बाई म्हणाल्या. तो थांबला नाही.

हान्स मायर आणि लुडविग पुर्टशेलर हे 6 ऑक्टोबर 1889 रोजी शिखरावर पोहोचले, एवढे ग्रंथांतून मिळते. त्यांच्याबरोबर नऊ हमाल होते, दोन मुकादम, एक स्वयंपाकी आणि एक वाटाड्या. योहानी किन्याला लाउवो या चागा वाटाड्याचा गौरव झाला तो 1989 मध्ये, त्या चढाईच्या शताब्दीला. बाईंच्या टिपणवहीत मायरचे नाव फार आधीपासून होते. लाउवोचे त्यांनी उतरताना, मुवेकाच्या मुक्कामात, लिहिले. तोवर डोके पुरते ताळ्यावर आले होते आणि 5895 हा आकडाही न बोलावता परत आला होता.

मुवेका दरवाजापाशी नोंदवहीत सही करायची असते. नाव, वय, देश, व्यवसाय, वाटाड्याचे नाव. व्यवसायाच्या रकान्यात बाईंनी 'शिक्षिका' लिहिले. निवृत्त हा शब्द घातला नाही. वाटाड्याच्या रकान्यात त्याने स्वतःच नाव लिहिले. बाईंनी मागचे पान उलटले. तेथे वेगळ्या देशाच्या माणसांपुढे तेच अक्षर होते. आणखी काही पाने मागे, पुन्हा तेच. मागे रांगेतले कुणीतरी घाई करू लागले, तेव्हा त्यांनी लेखणी पुढे केली.