अब्बांची दिंडी

अब्बांचं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप होतं. नगरच्या आसपास शेतात बंगले झाले, त्यातल्या कितीतरी बंगल्यांची लोखंडी गेटं त्यांच्या हातची. वर भाल्यांची रांग, मधे वेलबुट्टी, आणि एका बाजूला हमखास दिंडी. “मोठं गेट बंद असलं तरी माणूस आत आला पाहिजे,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

लहानपणी ते मला भुईकोट किल्ला दाखवायला घेऊन गेले. मला चाँदबीबीची गोष्ट ऐकायची होती. १५९५-९६ च्या वेढ्यात मुघलांनी सुरुंगानं तट फोडला, तिनं रातोरात ते खिंडार बुजवून घेतलं, ती गोष्ट. अब्बा मात्र दरवाजापाशीच रेंगाळले. हत्तीनं धडक देऊ नये म्हणून बसवलेल्या अणकुचीदार खिळ्यांवरून हात फिरवत म्हणाले, “वेल्डिंग नहीं है बेटा, सब ठोक के बिठाया है.”

१९४२ च्या ऑगस्टमध्ये याच किल्ल्यात नेहरू, पटेल आणि मौलाना आझादांना कैदेत ठेवलं गेलं. नेहरूंचं ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ सगळ्यांना माहीत असतं. आझादांचं ‘गुबार-ए-खातिर’ही इथलंच, मित्राला लिहिलेली, पण तेव्हा टपालात न पडलेली पत्रं. एप्रिल १९४३ मध्ये त्यांच्या पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या. त्यांना भेटू द्या, असा अर्ज आझादांनी सरकारकडे केला नाही. कॉलेजात असताना हे वाचून मला त्यांचा रागच आला होता. असला कसला स्वाभिमान?

एप्रिल २०२१ मध्ये अब्बा दवाखान्यात होते आणि मी गेटबाहेर. मी मात्र सगळ्यांकडे अर्ज केले. वॉचमनला हात जोडले, ओळखीच्यांना फोन लावले. गेट उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी अब्बांना थेट कब्रस्तानात नेलं. जनाजाला खांदा देणंही नशिबात नव्हतं. लांबून दुआ मागितली.

बंद गेटपुढे हात जोडताना माणूस किती लहान होतो, ते तेव्हा कळलं. आझादांवरचा राग गेला. तरी खरं सांगतो, पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा हात जोडीन.

परवा एका शेतातल्या बंगल्यावर अब्बांचं गेट दिसलं. रंग उडालाय, दोन भाले वाकलेत. मालकांना विचारून दिंडी उघडली. बिजागरी जराही कुरकुरली नाही.