राहून गेलेली दाद

2004 साली आमच्या ह्यांना सिल्वासाच्या एका यार्न कारखान्यात नोकरी लागली. मी बेळगावला फोन करून अप्पांना गावाचं नाव सांगितलं, तर ते लगेच म्हणाले, "सिल्वासा? अगं, ते तर बाबूजींनी सोडवलेलं गाव!"

बाबूजी म्हणजे सुधीर फडके. 1954 साली दादरा आणि नगर हवेलीतून पोर्तुगीजांना घालवायला जी मोजकी मंडळी हत्यारं घेऊन गेली, त्यांत कोल्हापूरचा हा गायक-संगीतकार होता. त्या मोहिमेच्या निधीसाठी लतादीदींनी पुण्यात गाण्याचा कार्यक्रम केला होता. 2 ऑगस्ट 1954 रोजी सिल्वासा मोकळं झालं. अप्पांच्या लेखी त्यामुळे हे गाव म्हणजे गाण्यानं जिंकलेलं गाव. माझ्यासाठी मात्र ते दमणगंगेच्या काठचं, कारखान्यांच्या भोंग्यांवर चालणारं, गुजराती-हिंदी बोलणारं परकं गाव होतं. घरात मराठी-कन्नड बोलणारे आम्ही तिघंच.

अप्पा मराठी, आई धारवाडची, कानडी. त्यामुळे आमच्या घरात दोन्ही भाषा एकाच ताटात वाढलेल्या. या पानाच्या वाचकांना ते वेगळं सांगायला नको. अप्पा पोस्टातून निवृत्त झालेले आणि गाण्याचे वेडे. रामभाऊ विजापुऱ्यांची पेटी ऐकत त्यांचा कान तयार झालेला. स्वतः वाजवत काहीच नसत, पण ऐकायचे असे, की गवयानं त्यांच्याकडे बघून गावं. समेवर मान, छान जागा आली की "आहा!", आणि फारच रंगलं तर आईकडून उचललेलं "भले! भले!". बैठकीत पहिल्या रांगेत असा माणूस असला की गाणाराही खुलतो. दाद देणं हे अप्पांना ऐकण्याइतकंच गरजेचं वाटे. ते म्हणायचे, "त्यानं दिलं ते आपल्याला पोचलं, हे त्याला कळायला नको का?"

2009 च्या जानेवारीत अप्पा आमच्याकडे राहायला आले होते. आईचे गुडघे दुखत होते, म्हणून ती बेळगावलाच थांबली. ह्यांच्या कंपनीतल्या एका साहेबांकडून मुंबईतल्या पियानोच्या मैफलीचे दोन पास मिळाले. ह्यांना रजा नव्हती. अप्पा म्हणाले, "पियानो मी सिनेमात पाहिलाय. नायक वाजवतो आणि नायिका जिन्यावर उभी राहून रडते. खरा कसा असतो ते बघू तरी."

सकाळी वापीहून फ्लाइंग राणीनं निघालो. अप्पा हट्टानं डबल डेकरच्या वरच्या मजल्यावर बसले. दुपारी मामाकडे जेवून संध्याकाळी सभागृहात गेलो. मी गर्भरेशमी साडी नेसले होते, अप्पांच्या अंगावर आईनं इस्त्री करून दिलेला कोट होता. आजूबाजूला सगळी उंची अत्तरं आणि हळू आवाजातलं इंग्रजी. मला उगीचच आपण चुकून आल्यासारखं वाटायला लागलं. खरं सांगायचं तर पुढे जे झालं त्याचं मूळ त्या वाटण्यात आहे.

कार्यक्रमाची सुरुवात बीथोव्हनच्या 'मूनलाइट' सोनाटानं झाली. 1801 मधली ही रचना, तीन भागांची. पहिला भाग इतका हलका, की वादकाची बोटं पट्ट्यांवर पडतात की नाही अशी शंका यावी. तो संपला आणि त्या शांततेत अप्पांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. तीन-चारच असतील. पुढच्या दोन रांगांमधल्या माना वळल्या. वादकानं न थांबता दुसरा भाग सुरू केला. अप्पांनी हात मांडीवर ठेवले आणि माझ्याकडे बघितलं. मी समोर बघत राहिले.

पाश्चात्त्य मैफलीत भागांच्या मध्ये टाळ्या वाजवत नाहीत, सगळे भाग संपल्यावरच वाजवतात, हे मला ऐकून माहीत होतं. ते गाडीत सांगून ठेवता आलं असतं. सुचलं नाही. गंमत अशी, की त्याच मधल्या क्षणात मागं-पुढं पाचपन्नास जण मोकळेपणी खोकून घेत होते. खोकल्याला परवानगी होती, टाळीला नव्हती.

मध्यंतरानंतर शोपँचं एक नॉक्टर्न होतं, ओपस 9 मधलं दुसरं. रात्रीच्या वेळेचं, गाण्यासारखं वाजणारं. डाव्या हाताची संथ चाल आणि उजव्या हातात एकच धून. ती पुन्हा पुन्हा येते, पण दर वेळी थोडी सजून येते. कुठे एखादी हरकत वाढते, कुठे मुरकीसारखं काही, कुठे सूर मुद्दाम रेंगाळतो. आपल्याकडे बंदिशीचा मुखडा दर आवर्तनाला वेगळ्या अंगानं घेतात तसंच. स्वतः शोपँ आपल्या शिष्यांना चांगले गायक ऐकायला सांगत असे, हे मी पुढे वाचलं. पण अप्पांना ते वाचायची गरज नव्हती. तिसऱ्यांदा धून परतली, वादकानं तिच्यावर एक नाजूक वेलबुट्टी काढली आणि अप्पांच्या तोंडून निघून गेलं, "आहा! काय जागा घेतली!"

शेजारच्या बाईंनी सुस्कारा टाकला. माझे कान तापले. मी अप्पांच्या कानाशी वाकून दात-ओठ खात म्हटलं, "अप्पा, सुम्मनिर्री!"

म्हणजे गप्प बसा. चारचौघांत इतरांना कळू नये असं काही बोलायचं असलं की आपण कानडीत बोलतो, ही आपल्या घरांची जुनी सोय. पण तो शब्द आईचा होता. लहानपणी देवळात, लग्नात आम्ही पोरांनी दंगा केला की ती डोळे वटारून हाच शब्द वापरायची. मी तो एकाहत्तर वर्षांच्या वडिलांना वापरला, तोही त्यांनी काही चुकीचं ऐकलं म्हणून नव्हे, अगदी बरोबर जागी बरोबर ऐकलं म्हणून.

अप्पा गप्प बसले. कार्यक्रमपत्रिकेची सुरळी करून दोन्ही हातांत धरली आणि शेवटपर्यंत सोडली नाही. शेवटची रचना संपली तेव्हा अख्खं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. अप्पाही उभे राहिले. हात मात्र तसेच. माझ्याकडे वाकून त्यांनी हळूच विचारलं, "आता वाजवायच्या?"

हे वाक्य मला आजही झोपेतून उठवतं.

परतीच्या प्रवासात ते त्या विषयावर बोलले नाहीत. पियानोबद्दल मात्र बोलले. "मींड नाही गं त्याच्यात. पट्टी दाबली की हातोडी तारेवर पडते, आणि पडल्या क्षणापासून सूर विझायला लागतो. पेटीचा सूर भाता आहे तोवर धरून ठेवता येतो, इथे येत नाही. म्हणून तो माणूस प्रत्येक सुराला इतका जपत होता." 1940 साली रेडिओनं आपल्या पेटीवर बंदी घातली होती, तेव्हा तिच्यातही मींड नाही हेच तर कारण होतं, अशी आठवण त्यांनी काढली आणि हसले. त्यांना सगळं पोचलं होतं. पोचल्याची पावती द्यायची तेवढी मी राहू दिली.

पुढे मी या विषयावर हाताला लागेल ते वाचत गेले आणि चकित झाले. ज्या शिस्तीसाठी मी वडिलांना गप्प केलं, ती त्या संगीताच्या जन्मापासूनची नव्हतीच. मोझार्टनं 1778 साली पॅरिसहून आपल्या वडिलांना लिहिलेलं एक पत्र आहे, 3 जुलैचं. त्याची नवी सिंफनी तिथे वाजली होती. पहिल्या भागाच्या मध्येच एक जागा लोकांना आवडणार हे त्याला ठाऊक होतं. ती आली आणि श्रोत्यांनी तिथल्या तिथे टाळ्यांचा कडकडाट केला, हे तो आनंदानं कळवतो. शेवटचा भाग मुद्दाम हलका सुरू केला, तेव्हा लोकांनी एकमेकांना "श्श्" केलं, आणि मोठा आवाज येताच पुन्हा टाळ्या. बावीस वर्षांचा मुलगा ही दाद वडिलांना कळवतोय, आणि त्याच दिवशी त्याची आई पॅरिसमध्ये वारली होती. वडिलांना एकदम धक्का बसू नये म्हणून पत्रात त्यानं ती फार आजारी आहे एवढंच लिहिलं.

1859 मध्ये लाइपझिगला तरुण ब्राम्स आपला पियानो कॉन्चेर्टो स्वतः वाजवत होता. पहिले दोन भाग झाले तरी कुणी हललंसुद्धा नाही. त्याला तो आदर वाटला नाही, पडल्याची खूण वाटली. शेवटी दोन-चार हातांनी टाळ्या धरल्या, तर बाकीच्यांनी त्या हिस् हिस् करून बंद पाडल्या. त्याच्याही आधी बर्लिनमध्ये लिस्टच्या पियानोनं लोक असे वेडे झाले होते, की बायका त्याच्या हातमोज्यांसाठी झोंबत. देवळासारखं मूक बसून ऐकायची रीत हळूहळू, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पक्की झाली. म्हणजे अप्पा मोझार्टच्या श्रोत्यांत बसले असते तर कुणी मान वळवून पाहिलंही नसतं.

शिस्त वाईट, असं मी म्हणत नाही. पियानोचा विझता सूर ऐकायचा तर शांतता हवीच, आणि हे पहिल्यांदा मला अप्पांनीच समजावलं. पण ऐकण्याच्या रीती अनेक असतात. आमच्या सिल्वासाच्या आसपासच्या वारली पाड्यांवर सुगीनंतर तारपा वाजतो. भोपळा आणि बांबूचं ते लांबलचक वाद्य. तिथे बसून ऐकणारा कुणी नसतोच. ऐकणारे एकमेकांच्या कमरेत हात घालून वाजवणाऱ्याभोवती फेर धरतात. पाय थिरकला नाही तर ऐकलं काय? त्याच मुक्कामात ह्यांच्या एका कामगाराच्या पाड्यावर आम्ही अप्पांना घेऊन गेलो होतो. अप्पा फेरात शिरले नाहीत. पण कोट काढून माझ्या हातात दिला आणि कडेला उभं राहून ठेका धरत मोठ्यानं म्हणाले, "भले!" वाजवणाऱ्यानं तारपा त्यांच्याकडे वळवला. त्या रात्री मला सुटल्यासारखं वाटलं, पण माफी मागायची राहूनच गेली.

2017 मध्ये अप्पा गेले. दिवस झाल्यावर आई त्यांची ट्रंक आवरत होती. पेन्शनच्या कागदांखाली ती कार्यक्रमपत्रिका निघाली, सुरळीचा बाक अजून तसाच. आईला दाखवायला म्हणून त्यांनी ती बेळगावला नेली होती. शोपँच्या नावापुढे पेन्सिलीनं कानडी अक्षरांत लिहिलं होतं, "भाळ छलो बारिसिद." फार छान वाजवलं. आईला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून कानडीत. जे मोठ्यानं म्हणू दिलं नाही, ते त्यांनी घरी आणून तिला दिलं होतं.

आईनं ते वाचलं आणि मला विचारलं, "तिथं त्या माणसाला सांगितलं का त्यांनी?"

मी नाही म्हटलं. का, ते त्या दिवशी सांगता आलं नाही. पुढच्या महिन्यात फोनवर सांगितलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "माझाच शब्द वापरलास ना."

आता माझी मुलगी सिल्वासात कीबोर्ड शिकते. तेच नॉक्टर्न ती सोपं करून वाजवते, अडखळत. धून तिसऱ्यांदा परतते तिथे मी स्वयंपाकघरातून मोठ्यानं "आहा!" म्हणते. ती ओरडते, "आई, मी चुकलेय तिथे!"

"असू दे," मी म्हणते. "तू वाजव."