गुलाबाईचा महिना

कवितेचा महिना म्हटला की हल्ली एप्रिलचं नाव निघतं. अमेरिकेतल्या कवींच्या अकादमीने 1996 साली तो सुरू केला. आता आपल्याकडचीही काही मुलं त्या महिन्यात रोज एक कविता लिहून मित्रांना पाठवतात. लिहू देत, चांगलंच आहे. पण खान्देशातली गाणी आणि कविता हा माझा अभ्यासाचा विषय, आणि त्या अभ्यासातून माझं मत पक्कं झालं आहे की आपल्या भागाला कवितेचा महिना बाहेरून आणायची गरज नाही. तो भाद्रपदातल्या पौर्णिमेला सुरू होतो आणि कोजागिरीला संपतो.

हा गुलाबाईचा महिना. विदर्भात तिला भुलाबाई म्हणतात. मातीच्या गुलाबाई-गुलोजींपुढे संध्याकाळी पोरी जमतात, एका घरची गाणी आटोपली की दुसऱ्या घरी जातात. एकीने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची. सासरचा काच, माहेरची ओढ, रुसवे, दागिने, सगळं त्यात येतं. पुष्कळ गाणी साखळीची असतात. एका ओळीचा शेवट पुढच्या ओळीची सुरुवात होतो, त्यामुळे सात वर्षांच्या पोरीलाही गाणं सोडून देता येत नाही, शब्दच तिला पुढे नेतो. शेवटी खाऊ ओळखायचा. घरची बाई झाकलेला डबा हलवून दाखवते, पोरी आवाजावरून अंदाज बांधतात, आणि ओळखेपर्यंत डबा उघडत नाही. लय, यमक, पाठांतर, कान देऊन ऐकणं, हे सगळं शिक्षण इथे महिनाभर चालतं आणि कुणी त्याला शिक्षण म्हणत नाही.

छापील कवितेचंही खान्देशाने असंच घर थाटलं होतं. जळगावात नारायण नरसिंह फडणीस यांनी 1887 साली ‘काव्यरत्नावली’ हे मासिक काढलं. त्यात फक्त कविता, दुसरं काही नाही. केशवसुतांपासून पुढच्या कितीतरी कवींना त्याने जागा दिली आणि 1935 पर्यंत ते चाललं. मोठ्या शहरांपासून लांब राहून इतकी वर्षं केवळ कवितेचं मासिक चालवणं म्हणजे काय, हे ज्याने एखादा अंक पदरमोड करून काढला आहे त्यालाच कळेल. त्याच जळगावात 1907 साली कविसंमेलन भरलं. धरणगावचा त्र्यंबक बापूजी ठोमरे हा कोवळा पोरगा तिथे उभा राहिला आणि अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्याला ‘बालकवी’ म्हटलं. रेव्हरंड टिळक त्याला पुढे आपल्या घरी नगरला घेऊन गेले. मला या हकिगतीत पदवीपेक्षा हे मोठं वाटतं, की एका मुलाचं बोलणं जाणत्या कवींनी ऐकून घेतलं आणि त्यातल्या एकाने त्याच्यासाठी घराचं दार उघडलं.

बहिणाबाईंचंही तसंच. आसोद्याच्या या लेकीला लिहिता येत नव्हतं. शेतात, जात्यावर ओठांवर आलेलं मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ यांनी टिपून ठेवलं, म्हणून त्या गेल्यावर 1952 साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. टिपणारे कान घरात नसते तर आपल्या हाती काहीच लागलं नसतं. घरोघरी अशा किती जणींचं वाऱ्यावर गेलं असेल, या विचाराने मला आजही चैन पडत नाही.

म्हणूनच नंदुरबार जिल्ह्यातल्या कळसाडीत आम्ही कवी मंडळी जमतो ती गुलाबाईच्याच महिन्यात. व्यासपीठ नाही, माईक नाही, हारतुरे नाहीत. याच जिल्ह्यातल्या वाहरू सोनवण्यांनी आपल्या ‘स्टेज’ या कवितेत, आदिवासींचं दुःख आदिवासींनाच वरून ऐकवणाऱ्यांचा जो हिशेब मांडला आहे, तो वाचल्यावर खुर्च्यांची रांग मांडायला हात धजत नाही. सतरंजीवर सगळे. अहिराणी, गुजरी, भिली, पावरी, ज्याची जी बोली तीत आधी कविता, मराठीत अर्थ नंतर. एका संध्याकाळी एकाचीच कविता, तीही दोनदा म्हणायची. पहिल्या वाचनाला कुणी ‘वाहवा’ करायची नाही, ही माझी अट. दाद लवकर आली की कवी तिथेच थांबतो.

एकदा एका तरुण मुलीने नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर कविता वाचली. मैलभर पसरलेली लाल मिरची तिने लाल गालिचा म्हणून रंगवली होती, वर सूर्य वगैरे होता. ओळी नीट बांधलेल्या होत्या. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर दाराशी बसलेली एक बाई, जिने पथारीवर कैक वर्षं देठ खुडले आहेत, म्हणाली, “बेटा, लाल आम्हाले दिसत नाही वं. संध्याकाळी घरी जाऊन लेकरू उचललं की ते रडतं, तव्हा कळतं हाताले काय लागेल आहे.” मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने कविता पुन्हा आणली. गालिचा गेला होता, सूर्यही. राहिली होती ती बाई, नळाखाली पुन्हापुन्हा हात धुणारी, आणि लांबूनच लेकराशी बोलणारी. त्या कवितेचा पहिला खर्डाही मी जपून ठेवला आहे, कारण कविता सुधारते म्हणजे काय होतं हे पोरांना सांगायला माझ्याकडे याहून चांगला धडा नाही.

पुण्यात 1923 साली जमलेल्या रविकिरण मंडळाबद्दल वर्गात शिकवताना मी हेच सांगते. माधव जूलियन, यशवंत, गिरीश ही मंडळी एकमेकांना कविता वाचून दाखवत, आणि मग ती कविता गावोगाव गाऊन लोकांपुढे नेत. समानधर्मी माणूस जवळ असला की कवीला खोटं लिहिणं अवघड जातं. एप्रिलमध्ये रोज एक कविता लिहिण्याचा संकल्प करणाऱ्यांना मी म्हणेन, तीस लिहू नका. चार लिहा आणि उरलेले दिवस दुसऱ्याची ऐका.

गेल्या कोजागिरीला दूध आटवता आटवता आम्ही एक गोष्ट ठरवली. यापुढे बैठकीची वही दोन नावांनी भरायची, सांगणाऱ्याचं आणि टिपणाऱ्याचं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर जी गाणी म्हणतात ती पहिली उतरवून घ्यायची, कारण झोका बांधायला अंगणातली झाडं कमी होत चालली आहेत आणि ती गाणी येणाऱ्या आज्याही. मोबाइलवर आवाज ठेवायचा, पण हाताने लिहायचंसुद्धा, कारण लिहिताना जिथे अडतं तिथे विचारावं लागतं, आणि विचारलं की आजी आणखी दोन कडवी सांगते. बोलीतले उच्चार नागरीत कसे दाखवायचे यावर आमचा वाद अजून मिटलेला नाही. पावरी बोलणारे मित्र म्हणतात, आमचे स्वर तुमच्या अक्षरांत मावत नाहीत. त्यांच्यासोबत बसून खुणा ठरवायचं काम मी अंगावर घेतलं आहे, आणि आखाजीच्या आत ते पुरं करायचं आहे.