टेस्ट लॅम्प

ढोकीच्या रस्त्यावरच्या ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात हे महाशय खिळ्याला टांगलेले असतात. इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॉटचा बल्ब, भंगारातल्या गाडीचा होल्डर आणि दोन लांब वायरी. एकीच्या टोकाला चिमटा, दुसरीला पोती शिवायचा दाभण. कंपनी नाही, बिल नाही, गॅरंटी तर नाहीच. मिस्त्री महागाचा डिजिटल मीटर शिकाऊ पोराच्या हातात देईल, पण याला स्वतःच उतरवून घेईल.

बोलणं मोजकं. पेटला म्हणजे हो, नाही पेटला म्हणजे नाही. अर्धवट पेटला, तर समजावं की खरी भानगड तिथंच आहे.

गळीत हंगाम लागला की याला उसंत नसते. रांजणीच्या, केशेगावच्या साखर कारखान्यांकडे उसाच्या जोडट्रॉल्या रात्रभर चालतात. मागचा दिवा वाढ्यांखाली झाकलेला, रेडियमची पट्टी चिखलानं माखलेली, आणि येडशीच्या पुढं महामार्गावर मागून भरधाव येणारा मोटारसायकलवाला. तशात एखादा ड्रायव्हर दुकानासमोर येऊन थांबतो.

"मिस्त्री, मागचा लाईट लागंना गेलाय. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतंय."

सोबत त्यानं नवा बल्ब आणलेला असतोच. लाईट गेला म्हणजे बल्ब गेला, हा ट्रॅक्टरवाल्यांचा पक्का समज. मिस्त्री बल्ब बाजूला ठेवतो आणि लॅम्प आधी बॅटरीलाच लावून बघतो. जो दुसऱ्याची तपासणी करणार, त्याचीच आधी तपासणी. मग चिमटा मायनसला आणि दाभण ट्रॅक्टरच्या मागच्या सात पिनांच्या सॉकेटात. पार्किंग, ब्रेक, डावं, उजवं. चारही वेळा लख्ख. ट्रॅक्टर निर्दोष सुटला.

आता चिमटा फिरतो. तो प्लसला, दाभण ट्रॉलीच्या चासीला, रंग खरवडून. आणि हे महाशय लालसर, आजारी उजेड देतात.

अर्थिंग. ट्रॉलीच्या दुखण्यांपैकी बरीचशी इथंच निघतात. अर्थची वेगळी वायर कधीच तुटलेली असते. करंट हुकाच्या पिनेतून, गंजातून कसाबसा परततो. ओढ बसली की पिन घट्ट टेकते, लाईट लागतो. ट्रॅक्टर थांबला की विझतो. मागच्या बल्बात ब्रेकची २१ वॉटची आणि पार्किंगची ५ वॉटची अशा दोन तारा असतात, दोघींची परतीची वाट एकच. ती बंद झाली की ब्रेकचा करंट पार्किंगच्या तारेतून उलटा शिरतो आणि भलत्याच दिव्यांतून वाट काढतो. ड्रायव्हरला वाटतं भूतबाधा झाली. नवे दहा बल्ब बसवले तरी ती उतरायची नाही.

मीटर इथं हमखास फसवतो. वायरीच्या पोटातल्या सगळ्या तारा कळंकून एकच शिल्लक राहिली तरी तो बिनदिक्कत बारा दाखवतो, कारण त्याला स्वतःला करंट जवळजवळ लागतच नाही. विहिरीत पाणी दिसलं म्हणून पाट वाहतो असं नाही. हा मात्र पावणेदोन अँपिअर ओढून बघतो. तेवढं ओझं वायरीला पेललं तरच पेटतो, आणि ट्रॉलीच्या ब्रेकच्या बल्बालाही तेवढंच लागतं. याची साक्ष मला म्हणूनच जास्त भरवशाची वाटते.

गुण तसे अवगुणही आहेत. दाभण वायरीच्या कातड्याला भोक पाडतो. त्यावर टेप मारायची राहिली की पावसाचं पाणी आत जातं, तांबं हिरवं पडतं आणि पुढच्या हंगामात तीच वायर नवा आजार घेऊन येते. म्हणजे आपली गिऱ्हाइकं हा आपणच तयार करतो. शिवाय नव्या ट्रॅक्टरच्या सेन्सरच्या वायरींवर याला बंदी. त्यांना इतकी ओढ सोसत नाही, एखादा महागडा कंट्रोलर जळायचा. तिथं मीटरचंच राज्य, आणि मिस्त्रीही ते मुकाट मान्य करतो.

पण ट्रॉलीत सेन्सर कुठला! हुकापासून दिव्यापर्यंत नवी अर्थ वायर ओढली, नटाखालचा गंज घासला, की सगळे दिवे लागतात. फक्त उजवं इंडिकेटर लागत नाही. तिथला बल्ब खरंच गेलेला. ड्रायव्हर ऐटीत आपला नवा बल्ब पुढं करतो, तर तो दोन तारांचा, ब्रेक-पार्किंगचा. या होल्डरात बसत नाही. रात्रीचे अकरा वाजलेले, स्पेअर पार्टची दुकानं बंद.

मिस्त्री टेस्ट लॅम्पचा बल्ब दाबून फिरवून काढतो आणि ट्रॉलीला लावतो.

"कारखान्याच्या गव्हाणीवरनं येताना नवा आणून द्या. सिंगल तारंचा, एकवीस वॉटचा. नाहीतर उद्या माझं दुकान बंद."